खराऱ्याआधी वारा बघावा

घोडेस्वारी शिकवणाऱ्यांमध्ये एक जुनी समजूत आहे. शिंका, डोळ्यांतलं पाणी, हातावर उठणाऱ्या गांधी ही नवख्याची लक्षणं, चार महिने तबेल्यात काढले की अंग आपोआप सरावतं. मला हे पटत नाही. काहींचं सरावतं, पण काहींचं नुसतं नाक वाहण्यावर थांबलेलं दुखणं पुढे छातीत उतरतं, आणि कोणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मुलांच्या शिंकेकडे लक्ष देणं हा मी शिकवण्याचाच भाग मानते. रिकिबीत टाच खाली ठेवायला शिकवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

मी बंगळूरच्या जे. पी. नगरात राहते आणि कनकपुरा रस्त्याच्या बाजूला शिकवते. सारक्की, पुट्टेनहळ्ळी या भागांतून मुलं येतात. इथल्याच घोडेस्वार फवाद मिर्झानं २०१८च्या आशियाई स्पर्धांत दोन रौप्यपदकं मिळवली, त्याचं नाव घेत येणारीही असतात. या मुलांतल्या कित्येकांच्या दप्तरात इनहेलर असतो. पुण्यात १९५०च्या दशकात नजरेस आलेलं गाजर गवत इथल्या मोकळ्या प्लॉटांवरही माजलेलं आहे. त्याच्या परागांनी आधीच हैराण झालेलं नाक घेऊन मूल तबेल्यात शिरतं.

घोड्याची अ‍ॅलर्जी केसांची नसते, प्रथिनांची असते. त्यांतलं मुख्य ‘इक्यू सी १’. ते कातडीच्या कोंड्यात, लाळेत आणि मुतात सापडतं, केसांना चिकटतं आणि हवेत तरंगतं. कुरळ्या केसांच्या घोड्यांचा त्रास होत नाही, असं परदेशातले विक्रेते सांगतात. जर्मनीत वेगवेगळ्या जातींच्या घोड्यांची तपासणी झाली, तेव्हा एकही जात या प्रथिनापासून मुक्त निघाली नाही. खच्ची न केलेल्या नरांत ते घोड्या आणि खच्ची घोड्यांपेक्षा जास्त आढळलं. त्यामुळे जात शोधत बसण्यापेक्षा शाळेतला कुठला घोडा आपल्याला मानवतो, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाहिलेलं बरं.

पण तबेल्यात घोडा एकटा नसतो. गवताची धूळ, पावसाळ्यात पेंढ्याला धरणारी बुरशी, दाण्यातले सूक्ष्म किडे, ओल्या जमिनीतून उठणारा अमोनिया, सगळं एकाच श्वासात आत जातं. म्हणून मी आधी एकच गोष्ट विचारते: त्रास नक्की कुठे सुरू होतो? खरारा करताना, वैरणीच्या खोलीत, मैदानावर, की रात्री अंथरुणात? माझी एक विद्यार्थिनी घोड्यापाशी तासभर व्यवस्थित असायची, वैरणीच्या खोलीत पाऊल टाकलं की खोकायची. तिच्या आईनं घोडा सोडायचं ठरवत आणलं होतं. तपासणीत बुरशीची अ‍ॅलर्जी निघाली. आता ती वैरणीकडे जात नाही, स्वारी मात्र चालू आहे.

तपासणी आणि औषध हे डॉक्टरांचं काम. त्वचेची चाचणी करायची असेल तर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही त्यांनाच विचारून. दम्याचं रोजचं औषध बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही. आराम देणारा इनहेलर घरी नाही, मैदानाच्या कुंपणापाशी हवा. छातीत घरघर असेल त्या दिवशी मूल घोड्यावर बसत नाही, स्पर्धा दुसऱ्या दिवशी असली तरीही.

आणखी एक गोष्ट पालकांना मी आवर्जून सांगते. सर्पदंशावरचं औषध आपल्याकडे घोड्याच्या रक्तापासून बनतं. हाफकिनचं नाव त्यासाठी मराठी घरांत ठाऊक आहेच. घोड्याच्या रक्तद्रवामुळे मुलांना येणाऱ्या आजाराचं वर्णन व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ सालीच केलं होतं. साप चावलाच तर घोड्याच्या अ‍ॅलर्जीची माहिती दवाखान्यात पहिल्यांदा द्यायची. औषध टाळायचं नाही. रिअ‍ॅक्शन आली तर ती आवरायची तयारी ठेवून डॉक्टर ते देतात.

उरतं ते आमचं कसब. खरारा बंद ठाणात करायचा नाही, उघड्यावर करायचा, आणि वारा आपल्या पाठीकडून घोड्याकडे जाईल असं उभं राहायचं. सुटलेला कोंडा शेवटी ओल्या फडक्यानं टिपायचा. त्रास असलेल्या मुलाचा खरारा सईस करतो, आणि जीन चढल्यावर मूल येतं. झाडलोट पाणी शिंपडून, मुलं यायच्या बरीच आधी. वैरण भिजवून द्यायची, मात्र भिजवलेली लगेच खायला घालायची, कारण उन्हात ती आंबते. स्वारीचे कपडे गाडीत बसण्याआधी बदलायचे, घरी गेल्यावर आधी डोकं धुवायचं. खोगिराखालची गादी घरच्या मशीनमध्ये टाकायची नाही. कपड्यांवरून ही प्रथिनं घरात जातात, आणि कधी घोड्याच्या जवळही न गेलेल्या धाकट्या भावाला त्रास होतो.

हे सगळं मी मुलांसाठी सुरू केलं. पण धुळीनं घोड्यालाही दमा होतो. खाताना खोकणं, नाकपुड्या फुगणं, थोड्याच रपेटीत धाप लागणं ही त्याची लक्षणं. भिजवलेली वैरण, कोरडी जमीन आणि खेळती हवा हा त्याच्या उपचाराचाही पाया आहे. घोड्याला तर तिथेच राहायचं असतं, आपण तासाभरात निघून जातो. अ‍ॅलर्जी असलेल्या स्वाराच्या गरजा म्हणजे तबेल्यावरचा जादा भार, असं मला म्हणूनच वाटत नाही. त्याचं नाक घोड्याच्या फुफ्फुसांची काळजी आधी घेतं.

एवढं करूनही काहींना थांबावं लागतं. औषधं चालू असताना दमा वाढत असेल, किंवा घोड्याच्या स्पर्शानं ओठ, गळा सुजत असेल, तर मी स्वतःच घोड्यावरून उतरायला सांगते. त्यात कुणाची जिद्द कमी पडत नाही.

मुलासाठी शाळा निवडताना घोडे किती उंच आणि कुठल्या जातीचे हे नंतर बघा. आधी ठाणात उभं राहून श्वास घ्या. डोळे झोंबतात का? घोडे खोकतात का? मुलाला दमा आहे म्हटल्यावर शिक्षक ‘सवय होईल’ म्हणतो, की त्रास कुठे आणि केव्हा सुरू होतो ते विचारतो? या उत्तरांनी समाधान झालं नाही, तर दुसरा तबेला शोधा.