बाराच्या दिवशी खुरपणीला खाडा



बाजरीत तण वाढलंय, पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खुरपायला बाया मिळाल्या नाहीत. आपल्या खंडाळा तालुक्यात त्या दिवशी बोरीचा बार असतो. बोरी आणि सुखेड या दोन गावच्या बाया ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. वाद्यं वाजत असतात. कुणी ओढ्यात उतरून पलीकडं निघाली की तिला मागं ओढतात. बार संपला की भांडणही तिथंच संपतं.

पूर्वी मी चिडायचो, ऐन खुरपणीत खाडा कशाला? यंदा जाऊन बघितलं. एरवी खाली मान घालून पाथ धरणारी साठीची म्हातारी पोरीसारखी ओरडत होती. तेव्हा कळलं, हा खेळच आहे. त्याला दिवस ठरलेला, जागा ठरलेली, नियम ठरलेला.

आपण गडीमाणसं मिसरूड फुटली की विटीदांडू सोडतो. मग पारावर बसलो तरी कांद्याचा भाव नाहीतर सोसायटीचं कर्ज. मागच्या आठवड्यात नातू दांडू घेऊन आला, तर मी म्हणालो, "मोटर चालू करायचीय." तो गपचूप मोबाईल घेऊन बसला.

काल मीच त्याला हाक मारली. बाभळीची विटी तासून दिली. तिसऱ्या टोल्याला कंबर धरली, पण लई दिवसांनी पोट धरून हसलो. बाजरी आज खुरपायला घेतलीय.

तुमच्याकडं मोठी माणसं अजून काय खेळतात, सांगा.