आजारपणाची रजा आणि घरातली बिनपगारी ड्युटी

जुलै २०२४ मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा आजारपणाची रजा घेतली. जळगावात एका खासगी रुग्णालयात मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. पगार १६,५०० रुपये. त्यातून दरमहा १२४ रुपये कर्मचारी राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे कापले जातात. रुग्णांचे अर्ज भरून देणे हेच माझे काम. तरी स्वतःचा अर्ज भरताना हात थरथरला.

आजार होता कमरेचा. मणक्यातली गादी सरकली होती. कारणही स्पष्ट होते. माझे पती वायरमन होते. पाच वर्षांपूर्वी कामावर असताना खांबावरून पडले आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्यांचे नावच नव्हते. नाव असते, विमा असता, तर कामावरच्या अपघातात कायमचे अपंगत्व आल्याचा मासिक लाभ त्यांना आयुष्यभर मिळाला असता. तेव्हापासून त्यांना कुशीवर वळवणे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेणे, आंघोळ घालणे हे सगळे मीच करते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही उठावे लागते. माझी कंबर रुग्णालयात नाही, घरात मोडली.

डॉक्टरांनी २८ दिवस विश्रांती लिहून दिली. ओझे उचलायचे नाही, वाकायचे नाही. मी विचारले, "साहेब, ७० किलोच्या माणसाला उचलणे हे ओझ्यात धरायचे का?" त्यांनी मान खाली घालून दाखल्यावर सही केली.

विम्याचा हिशोब सरळ आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मग रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस धरत नाहीत. माझे रोजचे ५५० रुपये, त्याचे ७० टक्के ३८५. म्हणजे २६ दिवसांचे १०,०१० रुपये. ही भीक नाही. माझ्या वर्गणीतून उभा राहिलेला हक्क आहे.

पण १९४८ च्या कायद्याचे कलम ६४ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहावे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडू नये. माझे माहेर धुळ्याला. आई म्हणाली, "दोघं इकडे या, मी बघते." तिच्याकडे जायचे तर आधी परवानगी. न जावे तर घरात पतीला उचलायचे, म्हणजे बरे होण्यात अडथळा. शेवटी आईच गुडघे धरत एसटीने जळगावला आली.

दुसऱ्या आठवड्यात पतीला तपासणीसाठी न्यावे लागले. चाकाची खुर्ची ढकलताना मला कामावरच्या कोणीतरी पाहिले. लगेच विचारणा आली : आजारी आहात तर खुर्ची कशी ढकलता? गल्लीतही कुजबुज झाली, "सुट्टी लिसनी घरना काम करी राहिनी."

मित्रांनो, इथे माझ्यातली समाजशास्त्राची विद्यार्थिनी जागी झाली. पाच वर्षे मी घरात जे करते त्याला कोणी काम म्हटले नाही. त्याला पगार नाही, रजा नाही, वर्गणी नाही. ते 'बायकोचे कर्तव्य'. पण मी हक्काचे पैसे मागितले त्या दिवशी तेच कर्तव्य अचानक 'काम' झाले, माझ्याविरुद्धचा पुरावा झाले. द्यायच्या वेळी काम नाही आणि नाकारायच्या वेळी काम, हा न्याय कुठला? जातीने आपल्या पूर्वजांकडून नेमके असेच काम घेतले. गावकी करून घ्यायची आणि तिला काम न म्हणता धर्म म्हणायचे.

मी लेखी उत्तर दिले. कायदा म्हणतो, ज्या दिवसाचे वेतन घेतले त्या दिवसाचा लाभ नाही. मी कुठलेही वेतन घेतलेले नाही. पतीला दवाखान्यात नेणे ही नोकरी नव्हे. दाखले वेळेवर दिले. पैसे खात्यात आले. उशिरा आले, पण आले.

दुसरीकडची कोंडी वेगळी. संजय गांधी निराधार योजनेत तेव्हा महिना १५०० रुपये मिळत. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. माझा पगार १,९८,००० होतो. म्हणजे मी कमावते म्हणून ते निराधार नाहीत आणि मी आजारी पडले की दोघांनाही आधार नाही.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. पण त्याच कलमात सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपण आणि अपंगत्व हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. माझ्या घरात ते एकाच खोलीत आहेत. मग सरकारी योजना त्यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर का उभे करतात?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला. १४ एप्रिलला आपण हे स्टेटसला टाकतो. पण आपल्या वस्तीत किती जणांना स्वतःचा विमा क्रमांक माहीत आहे? मी एम.ए. झालेली. तरी ठेकेदाराने पतीचे नाव नोंदवले की नाही हे मी त्यांच्या अपघाताआधी कधी विचारले नव्हते. ती चूक माझीही आहे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो घाणीत पडला होता, कारण तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले आणि संघाला बजावले की आजाऱ्याची सेवा ही तथागतांचीच सेवा आहे. लक्षात घ्या, तथागतांनी ही जबाबदारी एका घरातल्या एका बाईवर टाकली नाही. संघावर टाकली.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींचे. एक, काळजीवाहक भत्ता प्रत्यक्ष द्या आणि त्यासाठी कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न आड आणू नका. दोन, स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिकांकडे त्याचा हिशोब मागू आणि काळजी घेणारी व्यक्ती आजारी पडल्यास त्यातून मदतनीस मागू. तीन, प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवू. वस्तीत कोण अंथरुणाला खिळले आहे, त्याला कोण उचलते, आणि तो उचलणारा पडला तर कोण जाणार, हे तिच्यात लिहू.

माझी रजा संपली. २९ व्या दिवशी मी कामावर हजर झाले. घरातल्या कामावरून मात्र सुट्टी झालीच नव्हती. आई अजून इथेच आहे आणि आता तीही कंबर धरून उठते.

जयभीम.