नसलेला उंबरठा

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची एव्हन नदी आपल्याकडे असती तर तिला ओढाच म्हटलं असतं. गुडघाभर नितळ पाणी. तळाचं शेवाळ सारखं एका बाजूला विंचरल्यासारखं, आणि त्यात मुंडकी खुपसून, शेपट्या वर करून बसलेली बदकं. कॅशेल स्ट्रीट ही नदी ओलांडतो तिथे पुलाच्या तोंडाशी भलीमोठी दगडी कमान उभी आहे. हा ब्रिज ऑफ रिमेंब्रन्स.

पहिल्या महायुद्धात जवळच्या किंग एडवर्ड बराकीतून निघालेली पोरं याच वाटेनं नदी ओलांडून रेल्वे स्टेशनवर गेली. पुढे बोट, आणि बोटीपुढे गॅलिपोली, फ्रान्स. युद्ध संपलं आणि स्मारक कुठे करायचं यावरून गावात दोन तट पडले. एकांना ते कॅथेड्रलच्या चौकात हवं होतं, दुसऱ्यांना इथे, पोरांच्या वाटेवर. (गावकी तिकडेही असते, हे कळल्यावर मला जरा बरंच वाटलं.) पुलवाल्यांचं आधी जमलं, चौकातल्या स्मारकाला 1937 उजाडलं.

कोनशिला बसली 25 एप्रिल 1923 ला, ॲन्झॅक दिनी, म्हणजे तिकडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी. पूल खुला झाला 11 नोव्हेंबर 1924 ला. दोन्ही वेळा हात तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड जेलिको यांचा. महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत सगळं ब्रिटिश आरमार ज्याच्या शब्दावर हललं तो दर्यावर्दी, आणि इथे गुडघाभर पाण्यावरचा पूल!

मी अडतो ते मात्र वेगळ्याच जागी. पोरं गेली ती जुन्या पुलावरून. नवा बांधायचा म्हणून तो काढला. ज्यानं त्यांची पावलं झेलली तोच गेला, आणि आठवण ठेवायचं काम आलं त्यांना कधी न पाहिलेल्या दगडांवर.

देवाधर्माच्या वस्तूला चुकून पाय लागला तर आपला हात आपोआप कपाळाला जातो. इथे स्मारकच पायाखाली. 1976 पासून गाड्या बंद, नुसती माणसं चालतात. पिशव्या सांभाळत, आईस्क्रीम चाटत. 2011 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात कमान खिळखिळी झाली, ती नीट होऊन लोकांना परत मिळाली 2016 च्या ॲन्झॅक दिनी.

मी कमानीखाली आलो तेव्हा पाऊल नकळत जरा वर उचललं गेलं, उंबरठा ओलांडताना उचलतो तसं. खाली सपाट फरशी होती.