पाऊणकी आणि वारा

आजोबांनी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकीही घोकून घेतली होती. कॅल्क्युलेटर घरात असताना हा छळ कशाला, असं वाटायचं. त्या घोकंपट्टीचं चीज झालं ते बारामतीत, सेसना १५२ च्या कॉकपिटमध्ये.

हे विमान हवेतून साधारण १०० नॉटनं जातं; पण ती हवाच सरकत असते, म्हणून जमिनीवरचा वेग निराळा. इन्स्ट्रक्टरांनी घड्याळाची युक्ती सांगितली. वारा नाकापासून १५ अंशांवरून येत असेल तर आडवा भाग पाव, ३० वर निम्मा, ४५ वर पाऊण, ६० च्या पुढे सगळा. समोरचा भाग काढायचा तर कोन ९० मधून वजा करून पुन्हा हेच. २० नॉटांचा वारा ४५ अंशांवरून आला तर पाऊणकी १५ म्हणते, साइनचं कोष्टक १४. एका नॉटासाठी कोण कोष्टक उघडतो!

बारामती ते सोलापूर सुमारे ८५ नॉटिकल मैल. पश्चिमेचा २० नॉटांचा वारा जाताना जवळजवळ सगळा पाठीशी, येताना तोंडावर. जाताना १२० चा वेग, साडेबेचाळीस मिनिटं. येताना ८०, म्हणजे पावणेचौसष्ट. बेरीज सव्वाएकशे सहा. वारा नसता तर १०२. मला वाटलं होतं, जाताना मिळालेलं येताना फिटेल. पण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून तो देतो त्याहून जास्त घेतो. त्यात जूनमध्ये दख्खनवर पाच हजार फुटांच्या आसपास पश्चिमेचा वारा ३० नॉटांपर्यंत सहज जातो. येताना उंची गाठायची हौस मग महागात पडते.

पुढे एअरलाइनमध्ये वारा आणि वेग दोन्ही स्क्रीनवर आयते मिळाले, आणि पाऊणकी (खोटं कशाला बोलू) सुखानं झोपली. आता छोट्या विमानांवर शिकवतो, तर विद्यार्थ्यांच्या मांडीवर टॅब्लेट. त्याला माझी हरकत नाही; जीपीएस माझ्यापेक्षा अचूकच. पण तो आत्ताचा वेग सांगतो, किती असायला हवा होता ते नाही. डोक्यात ८० आणि पडद्यावर ६८ दिसले, तर अंदाजापेक्षा वारा बदललाय किंवा आपलंच काही चुकतंय, आणि इंधनाचा हिशेब तिथेच नव्याने मांडावा लागतो. डोक्यात आकडाच नसेल तर ६८ वाचून कोणालाच काही वाटत नाही.

म्हणून माझ्याकडे आधी तोंडी आकडा सांगायचा, मग टॅब्लेट उघडायचा.