खाण्याची वही

मी संकष्टी करणं का बंद केलं, असं गेल्या वर्षभरात घरातल्या बऱ्याच जणींनी विचारलं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. आईला विचारूनच लिहिते आहे, तेव्हा काळजी नसावी :)

तर, मला बुलिमिया होता. (होता की आहे, त्याबद्दल पुढे बोलू.)

आपल्याकडे न शमणाऱ्या भुकेला भस्म्या म्हणतात. बुलिमिया हा शब्दही ग्रीकमधल्या बैलाच्या भुकेवरून आलाय. पण भूक हा यातला छोटा भाग. थोड्या वेळात भसाभस खाल्लं जातं, थांबवता येत नाही, आणि मग त्या खाण्याची भरपाई म्हणून ओकून टाकणं, उपाशी राहणं, बेदम व्यायाम करणं असं काहीतरी केलं जातं. वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. या आजाराला स्वतंत्र नाव मिळालं तेच मुळी १९७९ मध्ये. लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञांनी तीस रुग्णांची लक्षणं मांडली तेव्हा.

थेरपी म्हटल्यावर मला वाटलं होतं, आता लहानपण उकरून काढणार. आई काय म्हणाली, शाळेत कोण काय म्हणालं वगैरे. प्रत्यक्षात पहिल्याच भेटीत हातात काय आलं, तर एक तक्ता. तो मी साध्या दोनशे पानी वहीत आखून घेतला. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, कुठे बसून, ते जास्त झालं असं वाटलं का (वाटलं तर फुली), उलटी केली का, आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं. बस्स. कॅलरी लिहायच्या नाहीत, त्याला सक्त मनाई. आणि लिहायचं ते खाल्ल्या खाल्ल्या. रात्री सगळं आठवून लिहिलं की मन हिशेबात फेरफार करतं.

या उपचाराचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी. बुलिमियासाठी ती ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवली, त्यांचा पहिला लेख १९८१ चा. नंतर सुधारत सुधारत तिचं जे रूप झालं, त्यात वीस आठवड्यांत वीस भेटी असतात. प्रत्येक भेट साधारण पन्नास मिनिटांची. पहिला महिना आठवड्यातून दोनदा.

फेअरबर्न यांचं म्हणणं मला समजलं ते असं. माणूस स्वतःची किंमत जवळजवळ पूर्णपणे वजनावर आणि बांध्यावर ठरवतो. म्हणून खाण्याचे कडक नियम करतो. नियम कडक असले की ते मोडणारच. एक लाडू खाल्ला की "गेलाच आजचा दिवस, आता काय राहिलंय" असं म्हणून डबा रिकामा होतो. मग भरपाई. मग लाज. आणि मग आणखी कडक नियम! सगळ्यांना वाटतं भसाभस खाणं हा रोग आणि डाएट हे औषध. खरं तर ते डाएटच या खाण्याला जन्म देतं. मला हे पटायला महिना लागला, आणि पटवलं ते वहीनेच. जवळजवळ प्रत्येक फुलीच्या आधी सहा-सात तासांची रिकामी जागा होती.

म्हणून पहिलं औषध म्हणजे घड्याळ. दिवसात तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा थोडं खाणं. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. भूक असो-नसो, आधीचं खाणं कितीही बिघडलेलं असो, पुढची वेळ झाली की खायचं. ऐकायला किती सोपं आहे ना? मला साडेचारला एक केळं खायला जितकं धैर्य लागलं, तितकं दहावीच्या निकालालाही लागलं नव्हतं.

वजन आठवड्यातून एकदा, फक्त थेरपिस्टसमोर. घरचा काटा माळ्यावर. एका आकड्यावरून काही निष्कर्ष काढायचा नाही, चार आठवड्यांचा कल बघायचा. पुढे पुढे 'कधीच खायचे नाहीत' अशा पदार्थांची यादी केली आणि एकेक परत ताटात आणला. माझ्या यादीत श्रीखंड सगळ्यात वर होतं.

आता संकष्टी. सकाळचा चहा आणि मग एकदम चंद्रोदयानंतरचं जेवण. चंद्र काही वेळा साडेनऊनंतर उगवतो. घरात माझं कौतुक व्हायचं, की आजकालच्या मुलींमध्ये हिला किती श्रद्धा! इतर दिवशी जेवले नाही तर प्रश्न यायचे, त्या दिवशी कुणी विचारायचं नाही. यात उपवासाचा दोष नाही. आजीने आयुष्यभर चतुर्थ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी जेवायची. पण जो या चक्रात सापडलाय त्याच्यासाठी ती बारा तासांची पोकळी म्हणजे चुलीत सारलेलं लाकूड. आईला हे सांगायची मला फार धास्ती होती. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आजारी माणसाला उपवास नसतोच मुळी." विषय संपला.

आता होता की आहे? २०१४ मध्ये कोपनहेगनमधलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. बुलिमियाच्या सत्तर रुग्णांपैकी काहींना दोन वर्षं मनोविश्लेषण आणि काहींना पाच महिन्यांत सीबीटीच्या वीस भेटी. पाच महिन्यांनी सीबीटीवाल्यांपैकी ४२ टक्क्यांचं ते खाणं आणि ओकणं थांबलं होतं, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांचं. दोन वर्षांनी ४४ आणि १५. विशेष म्हणजे मनोविश्लेषणाची ती पद्धत तयार करणारेच त्या संशोधनात होते, तरी त्यांनी निकाल जसाच्या तसा छापला. पण ४४ याचा अर्थ असाही की निम्म्याहून जास्त लोक पूर्ण सुटले नाहीत. मी सध्या सुटलेल्यांत आहे. दिवाळीत एकदा घसरले. थेरपिस्ट म्हणाली, घसरणं वेगळं आणि पडून राहणं वेगळं, पुढचं खाणं किती वाजता आहे ते सांग.

कुणाला यात स्वतःची गोष्ट दिसली तर आधी डॉक्टरांकडे जा. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, हे वहीत दिसत नाही. वजन खूप उतरलेल्यांसाठी हाच उपचार बराच लांबतो, साधारण चाळीस भेटी, आणि सोबत डॉक्टरांची देखरेख लागतेच. एकट्याने करायचं हे काम नाही.

आणि घरच्यांना एक विनंती. "अंगाने भरलीस" म्हणू नका हे तर आलंच, पण "किती छान बारीक झालीस!" हेही नको. ते कौतुक मी महिनोन् महिने जपून ठेवायचे आणि त्याच्या जोरावर जेवण टाळायचे. पानात एकदा वाढा, आग्रह नको, आणि किती खाल्लं ते मोजू नका. जेवण झाल्यावर लगेच उठू देऊ नका, गप्पा मारत बसवा. ती मदत सगळ्यात मोठी.

असो, फार लांबलं. काकू, रविवारी येतेच आहे. पानं तेवढी एकच्या आत घ्या, आरतीच्या आधी झाली तरी चालतील. आणि श्रीखंड असेल तर मला एक वाटी :)