काळ्या मातीतला पांढरा दांडा

इंदुरात, रामबागेतल्या घराच्या परसात, लहानपणी, पातीच्या कांद्याला पाणी घालायचं काम तिच्याकडे असे. आई ती पात झुणक्यात घाली. माळव्यातली काळी माती पावसात चपलेला चिकटून सुटायची नाही, उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. कांद्याचं त्याने काही अडत नसे. त्याची मुळं वरवरच पसरतात.

या मातीवर इंदुरातच केवढं काम झालं होतं, हे तिला कृषी महाविद्यालयात गेल्यावर कळलं. याच आवारात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी संशोधन संस्था उभी केली होती. पऱ्हाट्या, तुराट्या सहज कुजत नाहीत, म्हणून तिथे त्या चक्क रस्त्यावर अंथरत. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होई. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, अधूनमधून उलटायचे. तीन महिन्यांत खत तयार! हीच जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक, वाड कुणालाच नाहीत. याचा तिला अजून राग येतो. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेले गांधीजीही हे खत बघायला मुद्दाम गेले होते.

लग्नानंतर सुदामानगरात घर झालं. मागच्या तुकड्यात पहिला खड्डा खतासाठी खणला गेला, भाजी नंतर. इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, दारात रोज कचरागाडी येऊ लागली. पण ओला कचरा तिने गाडीला कधी दिला नाही.

कांद्याच्याच कुळातली लीक घरात आली ती मुलीमुळे. मुलगी वेल्समधल्या कार्डिफला शिकायला गेली, आणि तिथे तर लीक हे राष्ट्रचिन्ह. एक मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, लोक ती कोटाला लावून मिरवतात. लेकीकडे जाऊन, तिथलं लीक-बटाट्याचं सूप चाखून परतल्यावर आईने बी मागवलं.

पाऊस ओसरला की ती ट्रेमध्ये रोपं करते. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की काठीने वीतभर खोल भोक पाडायचं, रोप आत सोडायचं आणि माती न लोटता नुसतं पाणी ओतायचं. कांद्यासारखा गड्डा हिला धरत नाही. खायचा तो पांढरा दांडा, आणि तो पांढरा राहावा म्हणून वाढेल तशी भोवती भर द्यावी लागते. नुसत्या काळ्या मातीची भर ढेकळं होऊन बसते; खत मिसळलं तरच ती भुसभुशीत राहते. खरी मेहनत इथेच आहे.

विलायतेत लीक हिवाळाभर जमिनीत उभी राहते. इंदूरची थंडी तेवढी पुरत नाही. मार्चच्या उन्हात दांडा चिवट होऊ लागतो, त्याआधीच ती अंगठ्याएवढ्या लीक उपटून घेते. प्रत्येक दांडा उभा चिरून नळाखाली धरावा लागतो, कारण पदरापदरात माती शिरलेली असते.

सूप घरात सगळ्यांना आवडतं. लीकचा झुणका गोडसर होतो. तिच्या मते त्याला पातीच्या कांद्याची सर नाही. पोह्यांवर मात्र तिचे यजमान लीक घालू देत नाहीत, तिथे सेव, जीरावन आणि कच्चा कांदाच.