पुरात गेलेली वही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात शिरलं. नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. आम्ही कागदपत्रं पिशवीत भरली, सिलिंडर माळ्यावर चढवला आणि राजारामपुरीत आत्याकडे गेलो. माझी वही टेबलाच्या खालच्या खणात राहिली. पाणी ओसरल्यावर खण उघडला, तर आत चिखलाचा गोळा होता.

चार वर्षांची वही होती ती. कोऱ्या पानांची, साधी. कॉलेजात असताना कुणीतरी जलरंगांची छोटी पेटी भेट दिली, म्हणून रविवारी सकाळी रंकाळ्यावर जाऊन बसायला लागले. चित्रकला म्हणाल तर बेताचीच. पहिल्या दिवशी काठावरच्या दगडावर एक मळकट तपकिरी पक्षी बसला होता. अर्धा तास खपून मी तो काढला. रंग भरून झाला आणि तो उडाला, तर पंख पांढरेशुभ्र! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, ही ढोकरी. हिचं दुसरं नाव वंचक, म्हणजे फसवणारा. बसली की चिखलात मिसळून जाते, उडाली की पांढरी होते. जन्मापासून रंकाळ्यावर येणाऱ्या मला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मग सवयच लागली. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग, एक चित्र आणि एक प्रश्न. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी काढला तेव्हा त्याला वारकरी का म्हणतात ते कुणी सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात संध्यामठ पाण्यात किती बुडाला, तेही काढून ठेवायचे. एकदा फिरायला आलेले एक आजोबा मागे उभे राहिले.

“काय काढालीयास गं?”

“पक्षी, आजोबा.”

“मोबाईल हाय न्हवं? फोटो मार की!”

तेव्हा मी नुसतीच हसले. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते पुरानंतर मिळालं. वही गेली, पण फोनमधले फोटो क्लाउडवर सुखरूप होते. रंकाळ्याचेच शेकडो. ते चाळताना लक्षात आलं, की त्यातला एकही मला आठवत नाही. कुठला कधी काढला, तेव्हा काय बघत होते, काहीच नाही. उलट आत्याकडे एका पाठकोऱ्या कागदावर पेन टेकवलं आणि ढोकरी आपोआप उतरली. आखडून घेतलेली मान, पुढे काढलेली चोच, छातीवरच्या उभ्या रेघा. फोटो काढताना मी बघायचं काम फोनवर सोपवलं होतं. चित्र काढताना ते मलाच करावं लागलं होतं.

तेव्हा आबालाल रहिमान आठवले. कोल्हापूरचे हे मोठे चित्रकार छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाला होते. संध्यामठ, रंकाळा, कोटीतीर्थ, नदीकाठ हे सगळं त्यांनी वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असं सांगतात. त्यानंतरही १९३१ पर्यंत ते जगले. पूर्वी ही गोष्ट ऐकली की चित्रांबद्दल हळहळ वाटायची. पुरानंतर वाटलं, चित्रं बुडाली तरी इतकी वर्षं बघितलेलं त्या माणसाच्या डोळ्यांतून कसं जाईल?

पण हे समाधान पुरं पडलं नाही. कॉलेजच्या वाटेवर एक काटेसावर होती. दरवर्षी तिचं पहिलं लाल फूल दिसलं की मी वहीत तारीख टाकायचे आणि त्यावर आलेल्या साळुंक्या, बुलबुल, कावळे काढायचे. पुढे ती सावर तोडली गेली. आजही मी ते फूल न बघता काढू शकते, जाड पाकळ्या आणि पुंकेसरांच्या झुबक्यासकट. पण चार वर्षांत ती कधी कधी फुलली? एखाद्या वर्षी लवकर फुलली होती का? हे मला सांगता येत नाही. त्या झाडाच्या तारखा दुसऱ्या कुणी लिहून ठेवल्या असतील असं वाटत नाही. हाताला आकार आठवतो, तारीख आठवत नाही. ती कागदावरच राहते, आणि कागद माझ्या हलगर्जीपणामुळे खालच्या खणात राहिला.

आता नवी वही वरच्या फळीवर असते. पान पूर्ण झालं की लगेच त्याचा फोटो काढते. फोनचं काम तेवढंच, आणि ते तो चोख करतो. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर जुनी रफ वही आणि पेन पुरे. चित्र वाईट आलं तरी चालेल, तारीख मात्र नक्की टाका.

घराजवळ एक छोटी काटेसावर शोधून ठेवली आहे. अजून फुललेली नाही. वहीत तिच्यासाठी एक पान कोरं सोडलंय.